धूळ झटकू नका, उचला: रोडटच फ्लॅटमध्ये राहून जमवलेलं धूळशास्त्र

आमचा फ्लॅट पुण्यातल्या वाकडला, तिसरा मजला, बाल्कनी रस्त्याच्या बाजूला आणि मागे गेली तीन वर्षं एका टॉवरचं काम चालू. म्हणजे पुढून डंपरची धूळ आणि मागून सिमेंटची, मधे आम्ही. सकाळी टीव्हीच्या कॅबिनेटवर फडकं मारलं तर संध्याकाळपर्यंत त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं. मला उठल्या उठल्या सलग दहा-बारा शिंका, आणि मुलीला डिसेंबरात खोकला लागला की तो होळीपर्यंत मुक्कामाला. मग हळूहळू एकेक गोष्ट करून बघत गेले, काहींवर पैसे घालवले ते पाण्यात गेले, काही फुकट होत्या त्याच सगळ्यात कामाच्या निघाल्या. आता धूळ गेली का तर नाही, पुण्यात राहून ती जाणार कुठे, पण रोज पुसावं लागायचं ते आता तीन-चार दिवसांनी पुसलं तरी चालतं आणि शिंका दोन-तीनवर आल्यात. जे केलं ते क्रमाने लिहिते, कारण यात क्रम महत्त्वाचा आहे. लोक पहिल्याच दिवशी एअर प्युरिफायर घेतात आणि तो खरं तर सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो.

आधी धूळ कुठली ते ओळखा

एक पांढरा जुना रुमाल घ्या, ओला करून घट्ट पिळा, आणि घरात पाच ठिकाणी त्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्याने पुसा: खिडकीची चौकट, पलंगाखालची फरशी, पंख्याचं पातं, किचनच्या वरच्या कपाटाचा माथा आणि भिंतीचा एखादा भाग. मग रंग बघा.

तांबूस किंवा खाकी रंग असेल तर ती बाहेरची माती, चपलांनी किंवा वाऱ्याने आलेली. काळपट, बोटाला काजळीसारखी लागणारी असेल तर रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर, नाहीतर कुठेतरी जवळपास कचरा जाळतायत. राखाडी आणि कापसासारखी मऊ, गोळे होणारी असेल तर ती तुमची स्वतःचीच, म्हणजे चादरी, टॉवेल, गाद्यांचे तंतू, केस आणि आपल्या कातडीचे कण. चिकट पिवळट-तपकिरी म्हणजे फोडणीचा धूर. आणि पांढरी पूड असेल तर सिमेंट नाहीतर भिंतीचा स्वस्त डिस्टेंपर सुटतोय, तळहात भिंतीवर घासून बघा, पांढरा झाला तर धूळ तुमची भिंतच देतेय आणि कितीही पुसलं तरी ती येतच राहणार, रंग खरवडून, प्रायमर मारून धुता येणारा रंग लावणं एवढाच उपाय.

आमच्याकडे खिडकीत खाकी आणि काळी निघाली ते अपेक्षितच होतं, पण पलंगाखाली निव्वळ राखाडी गोळे. म्हणजे मी तीन वर्षं बिल्डरला शिव्या घालत होते आणि बेडरूममधली निम्मी धूळ आमच्याच गादीची होती.

झाडू मारताना नेमकं काय होतं

हे एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप सुचतं म्हणून थोडं थांबून सांगते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ६० ते ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनचा धुळीचा कण कमरेएवढ्या उंचीवरून स्थिर हवेत खाली बसायला पाच-सहा मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा कण तेवढ्याच उंचीवरून खाली यायला दीड तासाच्या आसपास लावतो, आणि एक मायक्रॉनचा तर सात-आठ तास. हे पंखा बंद असताना, पंखा चालू असेल तर तो बसतच नाही म्हणा.

आता आपल्या घरात काय होतं बघा. सकाळी कोरडा झाडू फिरतो, पंखा चालू, सगळी धूळ वर. लगेच लादी पुसली जाते, तेव्हा बारीक धूळ अजून हवेतच असते. तासाभराने ती सावकाश पुसलेल्या लादीवर, टेबलावर, पलंगावर येऊन बसते. आणि मग आपण फडक्याने टेबल झटकतो, की परत खाली. म्हणजे रोज तीच धूळ आपण घरातल्या घरात फिरवतोय, फिरायला नेल्यासारखी.

माझी आजी अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडायची. सडा घातल्याशिवाय केरसुणी मातीला लागायची नाही. लहानपणी मला वाटायचं हे रांगोळीसाठी असेल, पण पाणी पडलं की माती उडत नाही हे तिला शास्त्र न शिकता माहीत होतं. फ्लॅटमध्ये येताना आपण केरसुणीच्या जागी फूलझाडू आणला आणि सडा मात्र गावी सोडून आलो.

तर साफसफाईचा क्रम असा ठेवा:

१. पंखे बंद. खिडकी उघडी, पण जिकडून वारा आत येतोय ती नको, पलीकडची.

२. वरून खाली. आधी पंखा, कपाटांचे माथे, पडद्यांची दांडी, मग टेबल-टीव्ही, सगळ्यात शेवटी लादी. पंख्यासाठी जुना उशीचा अभ्रा घ्या, आतून किंचित ओला करा, पातं त्यात घालून मुठीत धरून बाहेर ओढा, सगळी धूळ अभ्र्यात राहते, डोक्यावर पडत नाही. जळमटं काढायच्या काठीला पण टोकाला ओलसर फडकं गुंडाळा.

३. सगळी पुसापुशी ओलसर मायक्रोफायबर फडक्याने. ओलसर म्हणजे पिळून पाणी गळणार नाही इतपत, चिंब फडक्याने चिखल होतो आणि वाळला की परत धूळच. फडक्याची चौघडी करा, एक बाजू मळली की दुसरी, अशा आठ बाजू वापरता येतात. हे फडकं धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचे धागे बुळबुळीत होतात आणि धूळ धरत नाहीत. मोराच्या पिसांचा किंवा नायलॉनचा डस्टर मात्र सरळ कुणाला तरी देऊन टाका, नको असलेल्या पाहुण्याला दिलात तरी चालेल.

४. लादीला रोज झाडू लागतोच असं नाही. लांब दांडीचा सपाट मायक्रोफायबर मॉप कोरडा फिरवला तरी केर गोळा होतो आणि उडत नाही. झाडूच हवा असेल तर त्यावर थोडं पाणी शिंपडा, हळू हात चालवा, आणि नवीन फूलझाडू घरात वापरायच्या आधी खाली पार्किंगमध्ये नेऊन आपटा, पहिला आठवडाभर तो स्वतःच इतका भुसा सोडतो की काय साफ करतोय तेच कळत नाही.

५. पुसायला दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायला साधं. एकाच बादलीत चार खोल्या पुसल्या की चौथ्या खोलीला आपण पहिल्या खोलीची माती लावतो. वाळल्यावर लादीवर पांढरट पट्टे दिसले तर तेच झालंय असं समजा.

आमच्या मावशींना हे सांगताना मला जरा धाकधूक होती, कारण वीस वर्षं काम करणाऱ्या बाईला झाडू कसा मारायचा हे मी कोण सांगणार. म्हणून मी तसं सांगितलंच नाही. दुपारी उन्हाचा कवडसा हॉलमध्ये येतो तेव्हा त्यांना म्हटलं मावशी इथे जरा झाडू मारून बघा, आणि त्या कवडशात जे काही उडालं ते बघून त्याच म्हणाल्या, "अगंबाई, हे सगळं माझ्या नाकात जातंय होय रोज." दुसऱ्या दिवसापासून मॉप सुरू. त्यांना एक चांगला मास्क पण आणून द्या, धुळीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो आणि त्या पाच घरची खातात.

दाराशीच अडवा

चपला-बूट दाराबाहेर. सोसायटी पॅसेजमध्ये रॅक ठेवू देत नसेल तर दाराच्या आत लगेच एक ट्रे ठेवा आणि चप्पल त्या ट्रेपुढे एक पाऊलही जाणार नाही हा नियम करा, डिलिव्हरीवाल्याचं पार्सल घ्यायला जाताना घातलेली स्लीपर पण त्यातच. दोन पायपुसणी हवीत: बाहेर काथ्याचं खरखरीत, आत सुती. सुती दर आठवड्याला धुवा, काथ्याचं खाली नेऊन झटका, बाल्कनीत नको, ती धूळ खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर जाते आणि मग वेगळंच प्रदूषण सुरू होतं. पूर्वी घरात शिरताना पाय धुवायची पद्धत होती, ती पावसाळा सोडूनही परत सुरू केली तर फार बरं.

खिडक्या. आपल्या सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्यांना कडेने एक काळी केसाळ पट्टी असते, पाच-सात वर्षांत ती झिजते आणि तिथून धूळ अगदी मजेत आत येते. रात्री लाइट बंद करून बाहेरून कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च फिरवायला सांगा, जिथून उजेड दिसेल तिथून धूळ येतेय. पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी सरकवायची, अर्ध्या तासाचं काम. दाराखालच्या फटीसाठी ती दोन नळ्यांची फोमची पट्टी मिळते ती घाला. पण खिडकीच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने जी बारीक भोकं असतात ती बुजवू नका, ती पावसाचं पाणी जायला असतात, मी उत्साहात सिलिकॉन भरलं आणि जूनमध्ये हॉलमध्ये तळं झालं.

आणखी एक, आणि हे गंमत म्हणून घेऊ नका: ज्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे तिथल्या फटी आणि खिडकी कधीच बंद करायची नाही. गॅस नीट जळायला हवा लागते, ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि त्याने माणसं दगावतात.

आता एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. किचनची चिमणी किंवा बाथरूमचा एग्झॉस्ट लावला की तो घरातली हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा कुठून तरी आत यायलाच हवी. सगळ्या खिडक्या बंद असतील तर ती दाराच्या आणि खिडक्यांच्या फटींतून ओढली जाते, आणि आमच्याकडे त्या फटी नेमक्या रस्त्याच्या बाजूला. म्हणून चिमणी लावताना त्यातल्या त्यात स्वच्छ बाजूची एक खिडकी वीतभर उघडायची. आमच्याकडे ती डक्टच्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या पोकळीच्या, बाजूची नाही हं, तिथे कबूतरं असतात, मुलीच्या खोलीची.

खिडक्या कधी उघडायच्या हेही बघा. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की सकाळची हवा शुद्ध. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात ते खरं नसतं. रात्री जमीन गार होते, गार हवा खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण लागतं, त्यामुळे गाड्यांचा आणि शेकोट्यांचा धूर सगळा खालीच कोंडतो. ऊन चढून जमीन तापली की तो वर जातो. म्हणून थंडीत खिडक्या सकाळी सहाला न उघडता अकरानंतर उघडा, चारपर्यंत ठेवा, संध्याकाळच्या ट्रॅफिकच्या आधी बंद. हवा किती खराब आहे याचा अंदाज हवा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर अॅप आहे, आणि आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने चालवलेलं सफर आहे, दोन्ही फुकट. उन्हाळ्यात मात्र उलटं, दुपारच्या वावटळीत खिडकी उघडली की संपलं, तेव्हा सकाळचीच वेळ बरी.

शेजारी बांधकाम असेल तर गप्प बसू नका. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली, मोठ्या साइटला ३५ फूट आणि लहानला २५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा ज्यूट, सतत पाणी फवारणी, ट्रक झाकून आणि चाकं धुऊन बाहेर काढणे, असं सगळं त्यात आहे. आमच्या सोसायटीने ती यादी छापून, साइटचे तारखेसकट फोटो लावून बिल्डरला पत्र दिलं. एकट्याने फोन केला की "बघतो" म्हणतात, चाळीस सह्या गेल्या की हिरवं कापड आठ दिवसांत लागलं. डंपर अजून उघडेच जातात, ते वेगळं.

गादी, पडदे आणि तो सोफा

राखाडी धुळीचा कारखाना इथे आहे. त्यात धुळीतले माइट्स म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे राहतात, आपल्या कातडीचे गळालेले कण खातात, आणि अॅलर्जी होते ती बहुतेक त्यांच्या विष्ठेने. त्यांना दमट हवा लागते, म्हणून मुंबई-कोकणात त्रास जास्त.

चादरी आणि अभ्रे आठवड्याला धुवा. मशीनला हीटर असेल तर ६० डिग्रीवर, त्याने माइट्स मरतात, गार पाण्याने नुसती घाण निघते. हीटर नसेल तर बादलीत कढत पाण्यात भिजवून मग मशीनला लावा, रंग जाणार असेल तर कडक ऊन तरी द्या. गादीला आणि उशीला चेनचं पूर्ण बंद होणारं कव्हर घाला, या एका खर्चाने माझ्या शिंका जेवढ्या कमी झाल्या तेवढ्या दुसऱ्या कशानेच नाहीत. सकाळी चादर बदलताना खोलीत झटकायची नाही, चारी कोपरे आत घेऊन गाठोडं करायचं आणि थेट मशीनमध्ये. बघा, परत तेच, झटकू नका.

कापसाची गादी असेल तर महिन्यातून एकदा गच्चीवर कडक उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी, आणि वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून काठीने झोडा. फार जुनी गादी असेल तर आतल्या कापसाची अक्षरशः पूड झालेली असते, ती पिंजून घेतली तरी निम्मी पूडच असते, नवा कापूस घाला. सोलापुरी चादरी आणि आजीच्या गोधड्या मी जीव गेला तरी टाकणार नाही, पण वापरात नसतील तेव्हा चेनच्या पिशवीत ठेवते.

पडदे जाड मखमली काढून पातळ लावले, महिन्याला एक धुणं. कपाटावर रचलेल्या बॅगा, रद्दी, उघड्या शेल्फवरचे शोपीस, हे सगळं धूळ धरायला ठेवल्यासारखं असतं, जेवढं दाराच्या आत जाईल तेवढं बरं. सोफा कापडी असेल तर व्हॅक्यूम क्लीनर हाच उपाय, पण एक लक्षात ठेवा, साध्या पिशवीच्या व्हॅक्यूममधून जाडी धूळ अडते आणि बारीक मागच्या बाजूने परत खोलीत येते. हेपा फिल्टरवाला, म्हणजे बारीक धूळही अडवणारा, घ्या, नाहीतर निदान वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि ज्याला अॅलर्जी आहे त्याने बाहेर थांबा. लादीसाठी व्हॅक्यूम मला तरी वायफळ वाटला, आपल्या फरशीला ओला मॉप पुरतो.

टाल्कम पावडर आणि कॅरमची पावडर यांच्याबद्दल मी फक्त एवढंच म्हणेन की आमच्याकडे रविवारी कॅरम झाला की सोमवारी टीव्ही पांढरा असतो.

जी दिसत नाही ती

आतापर्यंत दिसणाऱ्या धुळीबद्दल बोललो. पण छातीत खोलवर जाते ती पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, आणि ती घरात आपणही तयार करतो. मी एक छोटा लेझर सेन्सरवाला मीटर आणला. एरवी ३०-४० दाखवायचा, आणि सुक्या मिरच्यांची फोडणी पडली की पाच मिनिटांत ३०० च्या वर. बाहेर डंपर गेला तेव्हा सुद्धा एवढा गेला नव्हता. अंदाज असावा म्हणून सांगते, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ६०. (पावसाळ्यात किंवा धुक्यात हे स्वस्त मीटर पाण्याचे थेंब पण धूळ म्हणून मोजतात, तेव्हा घाबरू नका.)

चिमणी गॅस पेटवायच्या आधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. पाइप बाहेर काढलेलीच घ्या, बिनपाइपची नुसती तेल धरते आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू परत तोंडावर सोडते. फिल्टरच्या जाळ्या पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि सोड्यात भिजवून धुवा. चिमणी नसेल तर साधा एग्झॉस्ट फॅन खिडकीत वर लावा, आणि भाजी तळणीची असेल तेव्हा मागच्या शेगडीवर करा, धूर जास्त पकडला जातो.

डासांची कॉइल घरात लावू नका, हे मी हात जोडून सांगते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइल तपासल्या होत्या, एका कॉइलमधून जेवढी पीएम २.५ निघाली ती ७५ ते १३७ सिगारेटींएवढी होती. आणि आपण ती बाळाच्या पाळण्याखाली लावतो, दारं-खिडक्या बंद करून. मच्छरदाणी बांधा, खिडक्यांना जाळी लावा. ती जाळी पण महिन्याला ब्रशने धुवा, भरलेल्या जाळीतून वारा आला की धूळ थेट आत.

उदबत्ती, धूप, कापूर यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली, सासूबाईंचं म्हणणं उदबत्तीने हवा शुद्ध होते. मी वाद घातला नाही, मीटर देवघरापाशी ठेवला. आता आमच्याकडे रोज निरांजन आणि फुलं, उदबत्ती सणाला एकच, तीही खिडकीजवळ. धूप पूर्ण बंद झाला नाही, गुरुवारी असतो, पण तेव्हा खिडकी उघडायला त्याच आठवण करतात.

एसी आणि बंद खोली

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, दार-खिडकी बंद करून दोघं-तिघं झोपले तर सकाळपर्यंत २००० च्या वर सहज जातो, ते सकाळचं जड डोकं बऱ्याचदा त्याचंच. रात्री आतलं दार थोडं किलकिलं ठेवा किंवा झोपायच्या आधी दहा मिनिटं खिडकी उघडा. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून उलट्या बाजूने नळाखाली धरा, म्हणजे धूळ ज्या बाजूने चिकटली त्याच बाजूने निघते, सावलीत वाळवून परत लावा. ही जाळी जाडी धूळ धरते, पीएम २.५ नाही, त्यामुळे एसीवर लिहिलेल्या "एअर फिल्टर" शब्दावर फार विसंबू नका.

आता प्युरिफायर

वरचं सगळं झाल्यावर, आणि घरात दमा, लहान बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तरच, एक घ्या आणि तो बेडरूममध्ये ठेवा, कारण तिथे आपण सात-आठ तास असतो. हिशोब सोपा आहे. खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ११४० घनफूट, मीटरमध्ये साधारण ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असं धरलं तर ३२ गुणिले ५, १६० झाले. खोक्यावर सीएडीआर म्हणून आकडा असतो, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं ते, तो किमान तेवढा हवा. पण तो आकडा फुल स्पीडचा असतो आणि त्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून २५० ते ३०० चा घ्या आणि मध्यम स्पीडवर चालवा. "५०० चौरस फुटांसाठी" वगैरे जे लिहितात ते सोडून द्या. फिल्टर हेपा एच १३ असावा, त्याची किंमत घ्यायच्या आधी विचारा, कारण वर्षाला एक तरी बदलावा लागतो. हेपा पाण्याने धुवायचा नसतो, फक्त बाहेरची जाळी धुवायची किंवा व्हॅक्यूम करायची. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, दार-खिडकी बंद. ओझोन सोडणारं काही असेल तर ते घेऊ नका, ओझोन फुफ्फुसाला वाईटच.

आणि हो, नवीन मशीनच्या आतल्या फिल्टरवर प्लास्टिकची पिशवी असते, ती काढा. मी बारा दिवस पिशवीसकट चालवला आणि तेरा जणांना सांगितलं की किती फरक पडलाय.

प्युरिफायरने टेबलावरची धूळ कमी होत नाही, जाडी धूळ त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच खाली बसते. त्यासाठी मॉपच.

पैसे कुठे गेले तेही सांगते. मिठाचा दिवा आणला, तो फक्त दिवा आहे. झाडं आणली, स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम, दिसतात छान, पण ती हवा शुद्ध करतात ही गोष्ट नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून आली जो छोट्या बंद पेटीत केला होता. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग परत तपासले तर खिडकी उघडल्याइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. शिवाय पानांवर धूळ बसते ती पुसायचं काम वाढतं. ह्युमिडिफायर पण आणला होता, बोअरच्या जड पाण्याने तो वाफेबरोबर क्षारांची पांढरी पूड उडवायला लागला आणि मीटर लालच, परत खोक्यात गेला.

कबूतरं, पावसाळा आणि दिवाळी

कबूतरांची विष्ठा वाळली की तिची पूड एसीच्या आउटडोअर युनिटच्या आसपासून घरात येते, आणि काही लोकांना तिने फुफ्फुसाचा कायमचा आजार होतो. २०२५ मध्ये दादरच्या कबूतरखान्यावरून जो गदारोळ झाला त्याच्या मुळाशी हेच होतं. डक्टला जाळी लावून घ्या. साचलेली विष्ठा कोरडी कधीच खरवडू नका, एन ९५ मास्क, हातमोजे, आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, मग काढा. नुसत्या धुळीनेही छातीत घरघर किंवा धाप लागत असेल तर साफसफाईच्या नादात न राहता डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात धूळ कमी आणि ओल जास्त. कपडे घरात वाळत घालावे लागतात, मग कपाटामागे बुरशी. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, कपडे एकाच खोलीत, पंखा आणि एग्झॉस्ट लावून, आणि एसी असेल तर ड्राय मोड दिवसातून तासभर. भिंतीवर काळे डाग आले तर रंग मारून झाकू नका, आधी गळती कुठे ते शोधा.

आणि दिवाळीची साफसफाई. आपण काय करतो, एका रविवारी माळा, कपाटं, पंखे, पुस्तकं सगळं एकदम काढतो आणि सोमवारी अर्धं घर शिंकतंय. यंदा आम्ही नवरात्रात सुरू केलं, दिवसाला एक कोपरा. माळ्यावरच्या वस्तू खाली आणून मग पुसायच्या नाहीत, वरच ओल्या फडक्याने पुसून मग खाली. पुस्तकं दोन-दोन करून बाल्कनीत, पानांच्या वरच्या कडेवरून ओलसर ब्रश. मुलांना त्या वेळी खाली खेळायला पाठवा, आणि माळ्यावर चढणाऱ्याने मास्क लावा. आमच्याकडे चढतो तो नवरा, आणि तो मास्क हनुवटीवर लावतो, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.